पर्सनल ट्रेनर व्हायचंय? आधी एक वही घ्या

पहाटेची_शिफ्ट

गेल्या महिन्यात दोन मुलांनी वेगवेगळ्या दिवशी मला तोच प्रश्न विचारला, "दादा, ट्रेनर व्हायचंय, कोणता कोर्स करू?" दोघांनाही मी सेट बदलता बदलता उत्तर दिलं. घरी आल्यावर रुखरुख लागली, की कोर्सचं नाव तेवढं सांगितलं आणि कामाबद्दल अवाक्षरही काढलं नाही. म्हणून हा धागा काढतोय. चौदा वर्षं हेच काम करतोय, त्यातली पहिली तीन फ्लोअर ट्रेनर म्हणून, म्हणजे जिमच्या नोकरीत, येईल त्याच्यावर लक्ष ठेवत.

कोर्सचं आधी उरकतो. एनएससीए, एसीएसएम, एनएएसएम आणि एसीई या संस्थांची सर्टिफिकेटं बऱ्याच देशांत चालतात. अठरा वर्षं पूर्ण हवीत, सीपीआरचं (हृदय बंद पडलं तर छाती दाबून जीव वाचवण्याचं) प्रशिक्षण हवं, परीक्षा द्यावी लागते. एकदा पास झालं की संपलं असंही नाही, दर दोन-तीन वर्षांनी नवं काही शिकल्याचे तास दाखवून ते रिन्यू करावं लागतं. यातलं कोणतंही एक नीट अभ्यासून करा. चारही करत बसू नका. आणि परीक्षाच न घेता सर्टिफिकेट हातात ठेवणाऱ्या कोर्सच्या वाटेला जाऊ नका. अभ्यासात कोणता स्नायू कोणत्या सांध्यावरून जातो हा भाग सगळ्यांना रटाळ वाटतो. पुढे रोज उपयोगी पडतो तो तोच.

आता खरं काम.

माझ्या पहिल्याच वर्षी एक तरुण आला. शाळेत खेळाडू होता, मग सहा-सात वर्षं व्यायाम बंद. म्हणाला, "आज जीव काढा माझा." मी काढला. स्क्वॉट, लंजेस, उड्या, परत स्क्वॉट. तो खूश, मीही खूश. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मांड्या सुजून दगड झाल्या होत्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होत होती. रॅब्डोमायोलिसिस. स्नायू इतके तुटतात की त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. चार दिवस सलाइनवर होता. बरा झाला, पण हे माझ्या हातून झालं होतं आणि मी ते विसरलेलो नाही.

त्या आठवड्यात मी वही घेतली. दोनशे पानी, साधी. पहिल्या पानावर त्या मुलाला पहिल्या दिवशी मी काय काय करायला लावलं ते आठवून लिहिलं. लिहिताना बेरीज केली तर मांड्यांचे एकूण दोनशे साठ रेप्स, म्हणजे एकेक आवर्तन, भरले. आधी लिहून काढलं असतं तर कागदावरच दिसलं असतं, की सहा वर्षं बसून असलेल्या माणसाला हे झेपणार नाही.

तेव्हापासून प्रत्येक क्लायंटची एक वही. पहिल्या पानावर पार-क्यूच्या, म्हणजे व्यायाम सुरू करण्याआधीच्या तब्येतीच्या प्रश्नावलीतल्या, सात प्रश्नांची उत्तरं. छातीत दुखतं का, चक्कर येऊन तोल जातो का, हाडासांध्याचा त्रास आहे का, डॉक्टरांनी औषध चालू ठेवलंय का, या धर्तीचे ते प्रश्न. एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर तपशील विचारायचा आणि गरज असेल तिथे डॉक्टरांचा होकार आल्यावरच सुरुवात करायची. क्लायंट गेला तरी चालेल. दुसऱ्या पानापासून रोजचं. व्यायाम, वजन, सेट, रेप्स आणि शेवटी एक आकडा, की सेट संपला तेव्हा अजून किती रेप्स जमले असते. पहिले दोन आठवडे हा आकडा मी तीन-चारच्या खाली जाऊच देत नाही. कडेला एक ओळ मोकळी ठेवतो. 'रात्री झोप नाही', 'उजवा खांदा कुरकुरतोय', 'मुलाची परीक्षा', असं काहीबाही. पुढच्या सेशनला आधी ती ओळ वाचतो, मग वजन ठरवतो.

थोडं थोडं वजन वाढवत न्यायची ही पद्धत कुठून आली हे कळल्यावर मला या कामाचा आदर आणखी वाटायला लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म नावाचे अमेरिकी लष्करातले डॉक्टर गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांवर उपचार करत होते. त्या काळी अशा रुग्णांना हलका व्यायाम, तोही वारंवार, अशी रीत होती. त्यांनी वजन लावलं आणि पेशंटच्या ताकदीप्रमाणे ते वाढवत नेलं. १९४५ साली त्यांनी ते छापलं. १९४८ च्या सुमाराला पद्धत अशी ठरली: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं त्याच्या निम्म्यावर दहा, मग पाऊण वजनावर दहा, मग पूर्ण वजनावर दहा. आज जिममध्ये 'तीन सेट दहाचे' म्हणतात त्यामागे हे जखमी गुडघे आहेत. आकडा लिहिलेला नसेल तर पुढच्या वेळी वाढवणार कशावर?

जेवायची वेळ झाली. राहिलेलं प्रतिसादांत लिहितो. विचारा.

नवशिकी

दादा, फार मनापासून लिहिलंत. मी सध्या परीक्षेची तयारी करतेय. प्रश्न असा, की व्यायाम मला येतो, पण दुसऱ्याला शिकवायला गेले की समोरचा गोंधळतो. काल एका मावशींना वाकून वजन उचलायला शिकवत होते. "पाठ सरळ, छाती पुढे, कंबर मागे, गुडघे थोडे वाकवा" असं सगळं सांगितलं तर त्या ताठ उभ्याच राहिल्या.

पहाटेची_शिफ्ट

ताई, एका दमात चार सूचना दिल्यात. नवीन माणसाला एका वेळी एकच सूचना झेपते.

माझ्याकडे साधी काठी असते, झाडूच्या दांड्याएवढी. ती त्यांच्या पाठीवर उभी धरायची. एक हात मानेमागे, एक कमरेमागे, काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाड. मग भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं करायचं आणि एकच सांगायचं, "बसायची जागा भिंतीला लावा." बास. पाठ, छाती, गुडघे यातलं काहीही बोलायचं नाही. काठी कुठेतरी सुटली की त्यांना स्वतःलाच कळतं. भिंतीला लागलं की अर्धं पाऊल पुढे उभं करून परत.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका काकूंची काठी दर वेळी माकडहाडावरून उठायची. मी बाजूला बसून फक्त "सुटली" आणि "टेकली" एवढे दोनच शब्द बोलत होतो. आठव्या-नवव्या वेळी त्या स्वतःच थांबल्या, श्वास सोडला आणि हळू मागे गेल्या. तिन्ही ठिकाणी टेकलेली. म्हणाल्या, "मांडीच्या मागे ओढ लागली." तेच हवं होतं. आपण कमी बोललो की त्यांना शरीर ऐकू येतं.

कॅमेरा_ऑन

वहीचं पटलं. पण धाग्याचं नाव बघून आलेल्यांना एक बाजू मी सांगतो. मी सहा वर्षं पूर्ण ऑनलाइन काम करतोय. माझ्या ओळखीत उत्तम वही ठेवणारे दोन ट्रेनर क्लायंट नाहीत म्हणून दुसऱ्या नोकरीला लागले. तुम्हाला कितीही येत असलं तरी ते चार लोकांना दिसलं पाहिजे. रोज एक छोटा व्हिडिओ टाकायला लाज वाटू देऊ नका. आणि स्वतःचं शरीरही राखा, पहिल्यांदा माणूस तेच बघतो.

पहाटेची_शिफ्ट

दिसलं पाहिजे हे बरोबर. उत्तम ट्रेनर काम नाही म्हणून सोडून जातो तेव्हा नुकसान सगळ्यांचंच होतं. पण शरीराच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. तुमचं पोट बघून माणूस पहिला महिना येतो, चौथ्या महिन्याला तो स्वतःचं काय झालं ते बघतो. माझं घर चालतं ते दुसऱ्यांदा आणि पाचव्यांदा पॅकेज घेणाऱ्यांवर. नवीन क्लायंट मिळवायला जेवढी धडपड लागते त्याच्या पावपटीत जुना टिकतो.

तुम्ही ऑनलाइन क्लायंटचा फॉर्म, म्हणजे व्यायाम करतानाची शरीराची ठेवण, कशी तपासता हे मात्र लिहाच. मला त्यातलं कमी कळतं.

कॅमेरा_ऑन

लिहितो. क्लायंटला फोन कमरेच्या उंचीवर, बरोबर बाजूने ठेवायला सांगतो, पाय आणि डोकं दोन्ही फ्रेममध्ये. पुढचा सेट तिरका, पंचेचाळीस अंशांतून. फक्त समोरून काढलेल्या व्हिडिओत पाठीचं काहीच कळत नाही, बऱ्याच जणांची चूक तिथेच होते. व्हिडिओ सेटच्या शेवटच्या तीन रेप्सचा मागतो, कारण पहिल्या तीनमध्ये सगळ्यांचाच फॉर्म चांगला असतो. उत्तर चोवीस तासांच्या आत आणि त्यात सुधारणा एकच. आता तुमचं काठीचं वाचून कळलं की ते एकच का चालतं.

आणि 'आधी-नंतर'चे फोटो लेखी परवानगीशिवाय टाकू नका. एका बाईंनी फोन करून रडत टाकलेला फोटो काढून टाकायला लावला होता. तोंडी हो म्हणाल्या होत्या, नातेवाइकांनी बघितल्यावर त्यांना ते सहन झालं नाही. तेव्हापासून कागदावर सही, आणि मागतील तेव्हा फोटो लगेच खाली.

सांधेदुरुस्ती

मी फिजिओ आहे. ट्रेनरकडून बिघडून आलेले पेशंट मी बघते, तसे ट्रेनरमुळे सुधारलेलेही बघते, म्हणून लिहावंसं वाटलं.

पार-क्यूमधला औषधांचा प्रश्न उरकून टाकू नका. पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांच्या ट्रेनरने भिंतीवरच्या तक्त्यावरून २२० वजा वय असं गणित करून हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त १७० ठोके काढले होते आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे १३६ ठोक्यांवर, ट्रेडमिलवर चालवायचं ठरवलं होतं. ठोके ११० च्या पुढे जाईनात. ट्रेनरला वाटलं माणूस अंग चोरतोय, म्हणून तो वेग वाढवत गेला. गृहस्थ बीटा ब्लॉकर घेत होते. त्या औषधाचं कामच ठोके आवरून धरण्याचं. जीव मेटाकुटीला आला होता आणि घड्याळ सांगत होतं की अजून दम आहे.

औषध नसलं तरीही ते सूत्र ढोबळच आहे. त्याच वयाच्या दोन निरोगी माणसांमध्ये दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र दिलं. मोठ्या वयात ते बरं चालतं, पण तीही सरासरीच. म्हणून माणसालाच विचारा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी आहे, ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे आता पाऊल उचलत नाही. बारा-तेराच्या आसपास ठेवलं तर माणूस चालता चालता वाक्य पूर्ण बोलू शकतो. ते जमेना झालं की वेग कमी करा, घड्याळ काहीही दाखवू दे.

दुखण्यावर मालिश, ओढाताण, 'कट्' करून मणका बसवणं हे ट्रेनरने करू नये. दुखणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही, रात्री झोपेतून जाग आणत असेल, पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर पाठवून द्या. चांगल्या ट्रेनरची चिठ्ठी घेऊन पेशंट येतो तेव्हा माझं निम्मं काम झालेलं असतं. वही असली तर आणखीच.

तिसरा_सेट

डाएटचंही लिहा कुणीतरी. मी जिथे पहिल्यांदा नोकरीला होतो तिथे महिन्याला सप्लिमेंटचे ठरावीक डबे खपवायचे, नाहीतर पगारातून कापून घ्यायचे. एका मुलीला रक्तदाबाचा त्रास होता, तिला मी झोपेवर आणि चालण्यावर लक्ष दे म्हणालो, तर वरिष्ठांनी सगळ्यांसमोर झापलं. सोडली ती जागा. साधा निरोगी माणूस असेल तर जेवणात प्रथिनं किती, पाणी किती, एवढं सर्वसाधारण सांगावं. मधुमेह, मूत्रपिंड, गरोदरपण आलं की आहारतज्ज्ञांकडे. आपल्या हातात ती विद्या नाही.

हिशेबनीस

पैशाचं कुणी बोलतच नाहीये. किती सेशन घ्यावेत? नोकरी बरी की स्वतःचं? मी सध्या फ्लोअरवर आहे, सकाळ-संध्याकाळ मिळून दहा तास होतात.

तिसरा_सेट

मी दोन्ही केलंय. लोक कामाच्या आधी येतात किंवा कामानंतर, म्हणून दिवस मधोमध फाटतो. पहाटे पाच ते नऊ, मग आठ तास रिकामे, मग पाच ते नऊ. पहिली दोन वर्षं मी त्या मधल्या वेळात क्लायंट भरायला धावलो आणि आजारी पडलो. आता दुपारी झोपतो, वह्या वाचतो आणि स्वतःचा व्यायाम करतो. आठवड्याला तीसच्या पुढे सेशन गेले की माझं लक्ष उडतं, शेवटच्या दोन जणांना मी फक्त रेप्स मोजून देतो. ते पैसे घेताना मन खातं, म्हणून तीसवर थांबलो. तुमचा आकडा वेगळा असेल, पण असतो नक्की.

स्वतःचं सुरू करताना नियम पहिल्याच दिवशी कागदावर द्या. चोवीस तास आधी कळवलं तर सेशन पुढे जाईल, नाहीतर मोजला जाईल. पॅकेज किती महिन्यांत संपवायचं. ट्रेनर आजारी पडला तर काय. मी हे सगळं तोंडी ठेवलं होतं, आणि माझे सगळ्यात जवळचे दोन क्लायंट याच कारणाने दुरावले. आधी लिहून दिलं की पुढे कुणाचं मन दुखत नाही. व्यवसायाचा विमा काढा. जिम सोडताना करारात क्लायंट सोबत नेण्याबद्दल काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा. आणि आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा भाग त्याच दिवशी बाजूला काढा.

बासष्टावं_वर्ष

मी ट्रेनर नाही, शिकणारी आहे. डावा गुडघा दुखायचा. पहिला मुलगा सेट चालू असताना फोनवर बोटं फिरवायचा. मी अकरा म्हटलं तर तो म्हणायचा, "हां, आठ." दुसरी मुलगी गोड होती, पण तिला माझ्या वयाची भीती वाटायची, वर्षभर रंगीत रबराच्या पट्ट्या ओढायला लावल्या.

तिसऱ्या मुलाने मला पहिल्या दिवशी विचारलं, "काकू, जिना चढताना कोणता पाय आधी टाकता?" मला सांगता येईना. तो मला जिन्याशी घेऊन गेला आणि चढायला लावलं. दर पायरीला उजवाच आधी. उतरतानाही मी डाव्याला सांभाळत होते, कठड्याला धरून. गेली कित्येक वर्षं मी हे करत होते आणि मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्याने ते लिहून घेतलं. पाच महिन्यांनी त्याने वही उघडून ते पान दाखवलं आणि परत जिन्याशी नेलं. डावा, उजवा, डावा, उजवा. कठडा न धरता.

मी अजून त्याच्याकडेच जाते. तो महाग आहे की स्वस्त, हे मी कुणाशी ताडून पाहिलेलं नाही.

पहाटेची_शिफ्ट

काकू, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. जिन्याचा प्रश्न उद्यापासून माझ्या पहिल्या पानावर.

वयाच्या भीतीबद्दल लिहिलंत म्हणून सांगतो. १९९० साली मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी नव्वदीतल्या दहा अशक्त माणसांकडून आठ आठवडे मांड्यांसाठी जड वजनाचा व्यायाम करून घेतला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! देखरेख चोख होती, वजन प्रत्येकाची ताकद मोजूनच ठरवलेलं होतं. नुसत्या रबराच्या पट्ट्यांवर अडकवून ठेवणं ही काळजी नव्हे. आणि मी त्या तरुणाला केलं तसं मोजमाप न करता लादणं हीसुद्धा चूकच.

नवशिकी

सगळा धागा वहीत उतरवून घेतला (हो, घेतली वही!). एक शेवटचं विचारते. माझ्याकडे अजून क्लायंट नाही, पण आत्या सदुसष्ट वर्षांची आहे आणि तयार आहे. डॉक्टरांचा होकार आहे. घरी, काहीही साधन नसताना पहिलं मोजमाप काय करू?

सांधेदुरुस्ती

तीस सेकंद खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची बिनहाताची, साधारण ४३ सेंटिमीटर उंच, पाठ भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. दोन्ही हात छातीवर आडवे. पूर्ण उभं राहिलं की एक. तीस सेकंद संपताना अर्ध्याहून वर आल्या असतील तर तोही धरा. हाताचा आधार घ्यावा लागला तर नियमाने शून्य, पण त्यांच्यासमोर शून्य म्हणू नका, 'हाताने इतके' असं वेगळं लिहा. त्या वयाच्या बायकांना अकरा ते सोळाच्या मध्ये जमणं सर्वसाधारण समजतात. शेजारी उभ्या राहा, आणि चक्कर किंवा छातीत काही वाटलं तर तिथेच थांबा.

नवशिकी

केलं. खुर्ची टेपने मोजली, ४४ भरली. आत्या पहिले पाच भरभर उठली, सहाव्याला हात सुटायला लागले, तर स्वतःच परत छातीवर घट्ट धरले. आठ झाले आणि नववा अर्ध्याच्या वर. म्हणजे नऊ लिहिले.

मला वाटलं कमी म्हटल्यावर खट्टू होईल. ती म्हणाली, "तारीख घाल. आणि खुर्ची हीच ठेव पुढच्या वेळी."

पहाटेची_शिफ्ट

खुर्चीची उंचीही लिहा ताई, तारखेच्या शेजारी. आणि सहाव्या रेपला हात सुटायला लागले ते कडेच्या ओळीत. सहा आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच चपला किंवा अनवाणी जसं आज होतं तसंच. तोवर आठवड्यातून दोन दिवस, खुर्चीवर एक उशी ठेवून, पाच-पाचचे दोन सेट. दोन सेटमध्ये दोन मिनिटं बसू द्या. उशी कधी काढायची ते आत्याच सांगतील.